गरम डिंकाचा चिकटपणा

आमच्या विभागात दर उन्हाळ्यात सिंदेवाहीहून एक पार्सल येतं. जाड कापडात शिवलेलं, दाभणाचे टाके घातलेलं. आत धावड्याचा डिंक असतो, पांढरट, एकेक निवडून घेतलेले खडे. पाठवणारे हमीदभाऊ शेख, म्हणजे माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी शाहीन हिचे वडील. मी मूळची कोल्हापूरची, खाण्याच्या बाबतीत संकोच कशाशी खातात हे माहीत नसलेली. त्यात नोकरी दक्षिणेत, जिथे डिंकाचे लाडू म्हटलं की लोक नुसतं तोंडाकडे बघतात. त्यामुळे त्या पार्सलवर माझा डोळा असायचा. थंडी पडली की मी लाडू वळायचे आणि अख्ख्या विभागाला वाटायचे. मुलीच्या गाईडला एवढा मान देणारा पालक आता कुठे उरलाय, असं म्हणून वर स्वतःवरच खूश व्हायचे.

शाहीनचं काम काय, ते आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून घडलं. अणूच्या पोटात जे बारीक कण असतात, त्यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या कणांना ग्लुऑन म्हणतात. इंग्रजीत डिंकाला जो शब्द आहे त्यावरूनच हे नाव पडलं. सूर्याचं पोटही थंडगार वाटेल इतकं तापवलं, तर हा डिंक आपली पकड सोडतो आणि वाहायला लागतो. तो किती दाट, किती पातळ, किती चिकट, हा शाहीनचा प्रश्न. असला पदार्थ पातेल्यात घेऊन पळीनं ढवळता येत नाही. म्हणून आम्ही संगणकात जागेचे आणि काळाचे बारीक चौकोन पाडतो, त्यावर आकडे मांडतो आणि महिनेन् महिने यंत्र चालू ठेवतो. एवढं करूनही चिकटपणा समोर येत नाही, त्याची सावली तेवढी दिसते, आणि तीही खरखरीनं भरलेली. सावलीवरून वस्तू ओळखायची. शाहीननं तिची सगळी उमेदीची वर्षं ती खरखर काढण्यात घातली, आणि गेल्या हिवाळ्यात आलेखावरची तिची रेघ एकदाची स्वच्छ आली. त्या दिवशी मी व्हरांड्यात उडी मारली होती. माझं वजन पाहता ती घटना विभागात अजून सांगतात.

त्या रेघेच्या जोरावर तिला जर्मनीतल्या एका विद्यापीठानं बोलावलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होकार कळवायचा होता, आणि घरून हमीदभाऊ हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. आई म्हणाली, अब्बा म्हणतील तसं. शेवटी फोनवर ते एवढंच बोलले, "बाईले घेऊन ये. त्याईच्याशी बोलतो." म्हणून शहाणी माणसं ज्या महिन्यात चंद्रपूरकडे फिरकत नाहीत, त्या महिन्यात मी शाहीनबरोबर बल्लारशाहला उतरले आणि गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये बसले.

सिंदेवाही

खिडकीतून पाहिलं तर दोन्हीकडे धानाच्या बांध्या. इकडे शेताच्या वाफ्याला बांधी म्हणतात आणि भोवतीच्या मातीच्या वरंब्याला धुरा. धान कधीच निघालेलं, बांध्या कोरड्या ठणठणीत, आणि धुऱ्यांचं जाळं नजर जाईल तिथपर्यंत पसरलेलं. आमच्याकडे उसाच्या फडात नजर दहा हातांवर अडते. इथे ती मोकळी सुटली.

सिंदेवाहीच्या फलाटावर हमीदभाऊ उभे होते. उंच, पांढरी दाढी, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला. जंगलातला माल घ्यायचा आणि पुढे व्यापाऱ्यांना द्यायचा, मोह, हिरडा, चारोळी आणि डिंक, हा त्यांचा वडिलांपासूनचा धंदा. त्यांनी माझी बॅग हातातून ओढूनच घेतली.

"या न जी, बाई. गाडीत तरास झाला काय?" आणि लगेच, आवाज खाली आणून, "आधी एक सांगा. मांगच्या मालाचा चिकटपना कसा निंगाला?"

मला वाटलं, उन्हानं माझे कान गेले. "कसला चिकटपणा?"

"डिंकाचा जी, दुसरा कायचा? तो मैनीबाईनं आनला होता, एटापल्लीच्या पलीकडून. मी शाहीनले म्हनलं, हा तपासून पाह्य, असा माल दरसाल सापडत नाई."

मी शाहीनकडे पाहिलं. ती फलाटावरच्या 'पिण्याचे पाणी' या पाटीचं वाचन करत होती. इतकं मन लावून तिनं माझा कुठलाही लेख वाचलेला नाही.

"उत्तम निघाला," मी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. लाडू उत्तमच झाले होते.

घरी पोचल्यावर शाहीनच्या आईनं, नफीसाबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि पहिली संधी मिळताच मी शाहीनला अंगणातल्या माठामागे गाठलं.

"मी खोटं नव्हतं सांगितलं, मॅडम," ती कुजबुजली. "पहिल्या वर्षी अब्बांनी विचारलं, काय शिकून राह्यली? मी म्हटलं, डिंकासारखा एक पदार्थ असतो, तो खूप तापवला तर त्याचा चिकटपणा किती राहतो ते मोजायचं. त्यांनी 'डिंक' ऐकलं, 'तापवला' ऐकलं, 'चिकटपणा' ऐकलं. 'सारखा' तेवढं ऐकलंच नाही."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचंस!"

"दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं होतं. हमीदची पोट्टी डिंकावर डॉक्टर होऊन राह्यली. आठवड्यानं नमुने आले."

म्हणजे ते नमुने होते! मी माठाला टेकले. कितीतरी हिवाळे, विज्ञानासाठी पाठवलेले नमुने आम्ही खारीक-खोबरं घालून खाल्ले होते. एका सहकाऱ्याच्या गुडघ्यांना आराम पडला, एवढंच काय ते त्यांतून सिद्ध झालं होतं. मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. शाहीन मात्र हसत नव्हती.

"बाकी सगळे मला विचारतात, संपणार कधी," ती म्हणाली. "अब्बा एकटे विचारतात, काय निघालं. दर फोनला. त्यांना वाटतं मी त्यांचाच धंदा पुढे नेतेय. हे सांगितलं तर ते पुन्हा कधी विचारतील का?"

आता माझंही हसू थांबलं. "आणि जर्मनीला का अडवतात?"

"म्हणतात, तिथे धावडा नाही."

प्रश्न असा उभा होता. खरं सांगितल्याशिवाय होकार मिळणार नव्हता, आणि खरं सांगितलं तर बाप-लेकीतला तो एक धागा तुटण्याची भीती होती. मी छातीठोकपणे म्हणाले, "मी सांगते. आयुष्यभर शिकवतेय, एवढं नाही जमणार?" असली वाक्यं मी नेहमी जेवणाआधी बोलते.

जेवायला लाखोळीच्या डाळीचे वडे होते, वाफाळता भात होता, आणि सुक्या झिंग्यांची लालभडक चटणी. नफीसाबाई म्हणाल्या, "चटनी जपून घेजा बाई, तिखट हाये." कोल्हापूरच्या माणसाला कुणी तिखटाची सूचना दिली की तो अपमान समजतो. मी चमचाभर घेतली. त्यानंतर काही वेळ मला हमीदभाऊ दोन-दोन दिसत होते. डोळे पुसत पुसत मी म्हणाले, "हमीदभाऊ, शाहीनच्या डिंकाबद्दल मला जरा..."

"बाई, तुमी रडून काऊन राह्यल्या?" त्यांनी विचारलं.

'काऊन' म्हणजे का. पण 'का' विचारताना आपण उत्तराची वाट पाहतोच असं नाही. 'काऊन' विचारणारा माणूस समोरून हलत नाही. मी "चटणी" एवढंच म्हणू शकले, आणि विषय ताकाकडे गेला.

संध्याकाळी डिंकवाल्या बाई आल्याची बातमी पसरली. पलीकडच्या गल्लीतले शिंपीकाका दोन पुड्या घेऊन आले, गुडघ्याला लाल डिंक बरा का पांढरा, असं विचारायला. हमीदभाऊ खुर्चीच्या कडेवर बसून माझ्या उत्तराची वाट पाहत होते, चेहऱ्यावर असा अभिमान की मला तिथल्या तिथे विरघळून जावंसं वाटलं. "पांढरा," मी म्हणाले. लाडवांच्या अनुभवावरून तेवढं मला खात्रीनं सांगता येत होतं.

ते गेल्यावर मी हमीदभाऊंना म्हणाले, "मी धावड्याचं झाड कधी पाहिलेलं नाही." वाटलं, निदान सुरुवात तरी होईल.

ते ताडकन उठलेच. "बाप्पा! इतकी वर्सं डिंकावर काम केलं अन् धावडा नाई पाह्यला? सकाळी निंगू. मैनीबाईच्या गावाले नेतो तुमाले."

एटापल्लीच्या वाटेवर

उन्हाच्या आधी निघायचं म्हणून अंधुकशा उजेडात त्यांच्या जुन्या जीपमध्ये बसलो. मूल मागे पडलं, वैनगंगा ओलांडली. पात्रात वाळूच जास्त, पाणी एका कडेनं गेल्यासारखं. गडचिरोली, चामोर्शी, आष्टी करत आलापल्लीला आलो, तशी सागाची पानझड झालेली झाडं दोन्ही बाजूंनी उंच उभी राहिली. त्यांत मधेच एखादा पळस, पान एक नाही आणि फुलांनी पेटलेला.

मोहाच्या झाडांखाली बायकापोरं वाकून फुलं वेचत होती. फिकट पिवळी, रसरशीत, द्राक्षासारखी फुगीर. जीपमध्ये वास भरून राहिला, गोड आणि थोडा आंबूस. आमच्याकडे फुलं देवाला वाहतात नाहीतर केसांत माळतात. फुलांचा मौसम धान्यासारखा घरात भरून ठेवणारा मुलूख मी पहिल्यांदा पाहत होते. हमीदभाऊ गाडी हळू करून प्रत्येक झाडाखाली आवाज देत होते, "जोहार!" आणि झाडाखालून जोहार परत येत होता. एका वळणावर ते म्हणाले, "इथी परवा वाघ बसला होता," अगदी आपल्या शेजारचे अण्णा ओट्यावर बसले होते अशा सुरात. मी काच वर केली. काच अर्ध्यात अडकत होती.

आलापल्लीच्या पुढे एक रस्ता हेमलकशाकडे जातो, दुसरा एटापल्लीला. आम्ही एटापल्लीचा धरला आणि थोड्याच वेळात हमीदभाऊंनी मनातलं काढलं.

"बाई, एक गोष्ट मले समजली नाई. जर्मनीच्या लोकाइले डिंकाचा चिकटपना मोजाचा काऊन हाये?"

हा बरोबर मोक्याचा प्रश्न होता. मागच्या सीटवर शाहीननं श्वास रोखल्याचं मला ऐकू आलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "ज्ञानासाठी."

"ग्यान त इथीबी भेटते," हमीदभाऊ शांतपणे म्हणाले. "पोट्टीले इतक्या दूर धाडाचं अन् तिथी झाडच नाई. मंग थे करन काय? माल इथून जाईन, तवा तिचं काम होईन. त्यापक्षा इथीच राह्यली त?" गियर बदलत ते पुढे बोलले, "माही फिकर थे नाई का थे दूर जाते. माही फिकर हे हाये का तिथी तिचं काम अडन."

मी तोंड उघडलं. त्याच क्षणी जीपच्या बॉनेटमधून फुस्स करून वाफ आली. रेडिएटरनं मला त्या दिवशी वाचवलं की बुडवलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही उतरून सागाच्या विरळ सावलीत उभे राहिलो, इंजिन निवायची वाट पाहत. शाहीन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "त्यांना माझ्या कामाचीच काळजी आहे. तेही चुकीच्या कामाची."

तिचे डोळे भरले होते. आपल्या मुलीचं काम अडेल म्हणून तिला अडवणारा बाप मी त्याआधी पाहिला नव्हता. हमीदभाऊंनी कॅनमधलं पाणी ओतलं, आणि आम्ही पुन्हा निघालो.

मैनीबाईचा धावडा

एटापल्लीच्या पुढे डांबर संपलं आणि मग रस्ताही जवळजवळ संपला. मैनीबाई नरोटे यांचं घर गावाच्या कडेला, कुडाच्या भिंती, लख्ख सारवलेलं अंगण. मी "जोहार" म्हणत ऐटीत अंगणात पाऊल टाकलं, ते थेट वाळत घातलेल्या मोहफुलांवर. पायाखाली पचपच झालं. आतून एक ठेंगणी, वयस्कर बाई ओरडतच बाहेर आली. त्या माडिया बोलीतलं मला काही कळलं नाही, आणि सगळं कळलं. मी एका पायावर उभी, दुसरा पाय कुठे ठेवावा कळेना. माझी ती अवस्था पाहून ती हसायला लागली, आणि हसता हसता खांबाला धरून खाली बसली. त्या होत्या मैनीबाई.

"येर," म्हणत त्यांनी आधी पाणी दिलं, मग जावा, म्हणजे तांदळाची आंबूस पातळ पेज, भोपळ्याच्या तुंब्यातून ओतलेली. त्या उन्हात ती पोटात गेली आणि मला आयुष्याबद्दल एकदम प्रेम वाटलं. मी दुसऱ्यांदा मागितली, तशी मैनीबाई हमीदभाऊंना म्हणाल्या, "डिंकवाली बाई बरी हाय. खाते."

घरामागे त्यांच्या दोन-तीन कोरड्या बांध्या होत्या, आणि शेवटच्या धुऱ्यापलीकडे जंगल सुरू होत होतं. तिथेच धावडा होता. साल करड्या-पांढऱ्या रंगाची, गुळगुळीत, आणि खोडावर जागोजाग डिंकाचे थेंब आलेले. काही वाळून कडक झालेले, एक-दोन अजून ओले. ऊन आरपार जात होतं. मैनीबाईंनी एक खडा अलगद सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. "दरसाल पयला याच्या पोरीले काढून ठेवतो," त्या हमीदभाऊंकडे बोट दाखवून मला म्हणाल्या. "नमुना. दुसऱ्याले देत नाई."

शाहीननं मान खाली घातली. हमीदभाऊ उजळून गेले होते. "आता सांगा बाई," ते म्हणाले. "मैनीबाईच्या समोर सांगा. याचा चिकटपना किती?"

आता पळवाट नव्हती. मी घसा खाकरला. "हमीदभाऊ, असं आहे. मूलकणांमधली जी प्रबल आंतरक्रिया असते, तिचे जे वाहक कण, त्यांच्या अतितप्त अवस्थेतली श्यानता..."

हमीदभाऊ आदरानं मान हलवत होते, मंत्र चालू असताना हलवतात तशी. मैनीबाईंनी जांभई दिली. मी आणखी दोन वाक्यं रेटली आणि माझ्याच शब्दांत गुंतून पडले. आयुष्यभर शिकवतेय म्हणे!

"थांबा, मॅडम," शाहीन म्हणाली.

ती धुऱ्यावरून चालत जाऊन बांध्यांच्या मधोमध उभी राहिली. मी तिची इंग्रजीतली कितीतरी व्याख्यानं ऐकली होती, बिनचूक आणि थोडी घाबरलेली. हा आवाज मी ऐकला नव्हता.

"अब्बा, मी जो डिंक मोजतो न, तो झाडाचा नाई. पयल्या दिवशी मी तुमाले म्हनलं होतं, डिंकासारखा. तुमी 'सारखा' आयकलं नाई, अन् मी मंग सांगतलं नाई. तुमी इतके खूश होते का मले सांगताच नाई आलं."

हमीदभाऊंचा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यावरचं हसू कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"आयका न," ती म्हणाली. "हा दगड घ्या. हे झाड. तुमी, मी, मैनीबाई. सारं बारीक बारीक कनाइचं बनलं हाये. थे कन सुटून नाई जात, कारन त्याईच्या मंधात एक डिंक हाये. डोळ्यानं दिसत नाई, हाताले लागत नाई, पन हाये. जग सुरू झालं न, तवा इतकं गरम होतं का तो डिंक धरून नोता ठेवत, वाहून राह्यला होता. तो कसा वाहत होता, दाट का पातळ, थे मी काढतो." तिनं पायाखालच्या धुऱ्यावर टाच आपटली. "कसा काढतो? साऱ्या जागेच्या अशा बांध्या पाडतो, कम्प्युटरमंधी. डिंक बांधीत नाई राहत, धुऱ्यावर राहते. मंग बांध्या लहान करतो, अजून लहान करतो. धुरेच उरले नाई त काय दिसन, थे हिसाबानं ताडतो. इतकी वर्सं मी हेच करून राह्यली, अब्बा. अन् निंगालं काय, सांगू? आमाले वाटलं होतं, इतका तापला त वाफेवानी उधळन. नाई उधळला. पान्याहूनबी सुरळीत वाहते तो."

आमच्या चौकोनांच्या कडा, जाळीचे दुवे, म्हणजे धुरे! इतकी वर्षं मी हा विषय शिकवते, आणि मला ते कधी सुचलं नाही. बल्लारशाहपासून मी खिडकीतून तेच बघत आले होते. मला टाळी वाजवावीशी वाटली, पण हमीदभाऊंकडे बघून हात जागच्या जागी राहिले.

ते धुऱ्यावरून चालत निघाले. टोकापर्यंत गेले, तिथे पाठमोरे उभे राहिले. मैनीबाईंनी मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी खांदे उडवले. शाहीन बांधीतून हलली नाही. मला वाटलं, गेलं सगळं.

मग ते परत आले. शाहीनसमोर नाही, माझ्यासमोर येऊन थांबले.

"मंग इतकी वर्सं जो माल धाडला," त्यांनी विचारलं, "त्याचं तुमी काय केलं?"

"खाल्ला," मी म्हणाले.

"सारा?"

"सगळा. लाडू केले."

त्यांची दाढी हलायला लागली. "कसा निंगाला?"

"एक नंबर!"

आणि हमीदभाऊ जे हसले! मोठ्यानं, दुपट्टा डोळ्यांना लावून, गुडघ्यावर हात मारत. त्यांनी मैनीबाईंना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. त्यात 'नमुना' आणि 'लाडू' एवढे दोन शब्द मला कळले, आणि मैनीबाई पुन्हा खाली बसल्या, या वेळी धुऱ्यावर. शाहीन हसत होती, रडत होती, नाक पुसत होती. मी काय करत होते ते मला आठवत नाही, पण चष्मा घामानं ओला झाला नव्हता एवढं नक्की.

हसू ओसरल्यावर हमीदभाऊ धुऱ्यावर टेकले. व्यापाऱ्याचा चेहरा परत आला होता.

"शाहीन, हा तुहा डिंक साऱ्यात हाये म्हनते?"

"हाव, अब्बा."

"या दगडात?"

"हाव."

"जर्मनीच्या दगडातबी?"

"तिथीबी. सारा तेवढाच."

"मंग तिथी तुहं काम अडत नाई." त्यांनी माझ्या तळहातावरचा खडा उचलून उन्हात धरून पाहिला आणि तिच्या हातावर ठेवला. "माह्या बापानं मले सांगतलं होतं, जिथी डिंक हाये तिथी आपन जाचं. बसून राह्यलं त डिंक घरी येत नाई. जाय तू."

मग ते थोडे रागावलेही. "पन हे मले आधी सांगाले काय झालं होतं? आता फोनवर नीट सांगत जाय. बांध्या किती लहान केल्या, काय निंगालं. मले समजते."

शाहीननं तिथेच, बांधीत उकिडवं बसून, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. धागा तुटला नव्हता. उलट त्याला आता पीळ पडला होता.

परत सिंदेवाही

परतीच्या वाटेवर जीप तापली नाही, आणि मी मैनीबाईंनी बांधून दिलेले मोहफुलांचे लाडू संपवले. भाजलेली फुलं तिळाबरोबर कुटून केलेले ते लाडू कोल्हापुरात मिळाले असते तर माझं वजन आज आहे त्याहून जास्त असतं. शाहीननं एटापल्लीतच, मोबाईलला रेंज आल्याबरोबर, होकार पाठवून दिला होता.

निघायच्या दिवशी नफीसाबाईंनी मला चटणीची बरणी दिली, "थोडी थोडी घेजा" असं दोनदा बजावून. हमीदभाऊ फलाटावर आले. हातात नेहमीसारखं कापडात शिवलेलं पार्सल.

"नमुना?" मी विचारलं.

"नमुना कायचा जी आता? खायाले." त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं. "अन् शाहीन जाईन तवा तिले चार लाडू करून द्या. तिथी थंडी असते म्हनते."

गाडीला वेळ होता. फलाटावरचा चहावाला किटली घेऊन आला. शिंपीकाकाही आले होते, गुडघ्यांना पांढरा डिंक सुरू केल्याचं सांगायला. शाहीनला पाहून चहावाल्यानं कौतुकानं विचारलं, "का हमीदभाऊ, पोट्टी डिंकाचं शिकाले आता जर्मनीले जाते म्हनते?"

मी शाहीनचा हात धरला. हाच तो प्रश्न, ज्याला ती इतकी वर्षं भीत होती. फलाटावरची चार डोकी वळली होती.

हमीदभाऊंनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला. दुपट्टा सारखा केला.

"डिंक नाई," ते फलाटाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "डिंकासारखा. सारखा! तुमी लोक नीट आयकतच नाई."